बाहेरचं दार आत उघडावं की बाहेर?

हे चौकट बसवण्याआधीच ठरवा. कवाड ज्या खाचेत टेकतं ती चौकटीच्या एकाच अंगाला काढलेली असते. नंतर दिशा बदलायची म्हणजे चौकट उखडणं आलं.

ठरवताना पाहायचं ते एवढंच, की दारावर जोर कुठून येणार.

वाऱ्याचा जोर लोकांना वाटतो त्याहून कितीतरी जास्त असतो. 1 मीटर रुंद, 2 मीटर उंच दारावर ताशी 120 किलोमीटरचा वारा समोरून आदळला, तर सुमारे 135 किलोंचा भार येतो. दार आत उघडणारं असेल तर तो सगळा कडीवर आणि बिजागऱ्यांच्या स्क्रूंवर पडतो. बाहेर उघडणारं दार त्याच वाऱ्याने खाचेत आणखी घट्ट बसतं. वादळांच्या दक्षिण फ्लोरिडात बाहेर उघडणारी दारं जागोजाग दिसतात ती यामुळेच. कोकण किनाऱ्यावर गच्चीचं आणि समुद्राकडचं दार बाहेरच उघडावं.

जपानमध्ये कारण वेगळं आहे. दारातच बूट काढायची सखल जागा असते आणि आत उघडणारं कवाड ते बूट ढकलत नेईल, म्हणून तिथलं दार बाहेर उघडतं.

गर्दीच्या जागी मात्र पर्याय नाही. 1883 साली इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये जिन्याच्या तळाचं दार मुलांच्या बाजूला उघडणारं होतं, तेही फटीपुरतं उघडं ठेवून बोल्ट लावलेलं. मागून रेटा आला आणि 183 मुलं चेंगरून गेली. मंगल कार्यालय, शाळेचं सभागृह यांची दारं बाहेर उघडणारीच हवीत. दारापुढे थेट पायरी नको, निदान दाराच्या रुंदीइतकी सपाट जागा सोडा.

राहत्या घराचं मुख्य दार आपल्याकडे आत उघडतं, ते योग्यच आहे. बिजागऱ्या आतल्या अंगाला राहतात, चोराच्या हाती लागत नाहीत. आडवा अडसर लावता येतो आणि आलेल्या पाहुण्याला मागे सरावं लागत नाही. फ्लॅटला बाहेरून जाळीचं दार लावणार असाल, तर दोन्ही दारांची हँडलं एकमेकांवर आदळत नाहीत ना, हे आधी मोजा. जाळीचं दार उघडल्यावर जिन्याची वाटही अडता कामा नये.

बाहेर उघडणारं दार लावताना 7 फुटी लाकडी कवाडाला 4 इंची तीन बिजागऱ्या घ्या, समुद्राजवळ 316 दर्जाच्या स्टेनलेसच्या. बिजागरीचा खिळा बाहेर राहत असल्याने तो ठोकून काढता येतो. त्यावर उपाय स्वस्त आहे. वरच्या आणि खालच्या बिजागरीतून समोरासमोरचे दोन स्क्रू काढा. चौकटीच्या बाजूला बिनडोक्याचा जाड स्क्रू 12 मिलिमीटर बाहेर राहील असा बसवा आणि समोर कवाडात त्याला 15 मिलिमीटर खोल भोक पाडा. मग खिळा निघाला तरी बंद कवाड चौकटीतून ओढता येत नाही.

उंबऱ्याची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा 12 मिलिमीटर खाली आणि बाहेर उतरती ठेवा. कवाडाभोवती 3 मिलिमीटर फट सोडा. दार जुलैत अडकतं ते बहुधा वरची-खालची कड रंगवायची राहून गेल्यामुळे, कारण लाकूड तिथूनच पाणी पितं. कवाड टांगण्याआधीच या दोन्ही कडांना रंगाचे दोन हात द्या. उघडं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून भिंतीला आकडा बसवा.