छोट्या डिस्प्लेवर एलव्हीजीएल कसं चालवावं

एलव्हीजीएल म्हणजे छोट्या स्क्रीनवर बटणं, लेबलं, चित्रं काढणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड. आधी सामान. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एकच फेरी मारा: ईएसपी३२ बोर्ड (कोड चालवणारा छोटा कंट्रोलर) आणि आयएलआय ९३४१ चिपचा २.८ इंची डिस्प्ले. डिस्प्लेच्या पाठीवर ‘एसपीआय’ (मोजक्या वायरींवरून डेटा पाठवायची पद्धत) छापलेलं आहे ना, ते दुकानातच बघून घ्या. वायरी वीतभरापेक्षा लांब नकोत.

एलव्हीजीएल मोफत आहे, एमआयटी या खुल्या परवान्याची. नववी आवृत्ती घ्या आणि आठवीचा कोड तिच्यात मिसळू नका. जानेवारी २०२४ मध्ये नववी आली तेव्हा फंक्शनांची नावं बदललीच, शिवाय बफरचा (चित्र तयार होतं त्या मेमरीच्या तुकड्याचा) आकार आठवीत पिक्सेलमध्ये द्यायचा, तो आता बाइटमध्ये द्यावा लागतो.

लायब्ररीतल्या कॉन्फ-टेम्प्लेट या सेटिंगच्या फाइलची कॉपी ‘एलव्ही-कॉन्फ’ नावाने लायब्ररीच्या फोल्डरशेजारी ठेवा, आत नाही. वरचा ‘इफ ०’ तेवढा ‘इफ १’ करा. रंग १६ बिट.

बफर स्क्रीनच्या दहाव्या हिश्श्याचा पुरतो: ३२० गुणिले २४ पिक्सेल, म्हणजे १५,३६० बाइट. अख्ख्या स्क्रीनला १,५३,६०० लागतात. एवढी मेमरी उधळायचं काही कारण नाही.

आता फ्लश. एलव्हीजीएल फक्त मेमरीत चित्र काढते. ते काचेवर नेणारं फंक्शन आपण लिहायचं. माझे दोन रविवार यातच गेले. वरची बोटभर पट्टी उमटायची आणि पुढे सगळं ठप्प. मी वायरी बदलल्या, डिस्प्लेही बदलला. चूक एका ओळीची होती: पट्टी पाठवून झाल्यावर ‘फ्लश रेडी’ कळवायचं राहिलं होतं. ते कळवेपर्यंत लायब्ररी वाट बघत बसते. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून परस्पर डेटा पाठवायची सोय) वापरत असाल तर हा निरोप डीएमए संपल्यावरच द्या. आधी दिलात तर अर्ध्या गेलेल्या बफरवर नवं चित्र चढतं आणि स्क्रीनवर चिंध्या दिसतात.

रुंदी काढताना एक्स-२ वजा एक्स-१, अधिक एक. तो ‘अधिक एक’ गाळलात की अक्षरं तिरकी पडतात.

रंग चुकले की ‘दिसेल ते सेटिंग उलटं करून बघा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. आधी एक शुद्ध हिरवा चौकोन काढा. हिरवा हिरवाच राहिला आणि फक्त लाल-निळ्याची अदलाबदल झाली, तर डिस्प्लेचा आरजीबी-बीजीआर क्रम (लाल आधी की निळा आधी) बदला. हिरवा लालसर दिसला तर प्रत्येक पिक्सेलचे दोन बाइट उलटे जाताहेत. ते फ्लशमध्ये अदलाबदल करून पाठवा. ही अदलाबदल एकाच जागी करा. डिस्प्लेच्या ड्रायव्हरमध्येही (डिस्प्ले चालवणाऱ्या कोडमध्ये) चालू ठेवलीत तर दोन्ही मिळून पुन्हा चुकीचेच रंग येतील.

मग टिकला, म्हणजे लायब्ररीच्या घड्याळाला, ‘मिलिस’ हे बोर्डाचं मिलिसेकंद मोजणारं फंक्शन जोडा, आणि प्रोग्रॅमच्या लूपमध्ये दर ५ मिलिसेकंदांनी लायब्ररीचं टायमर हँडलर फंक्शन बोलवा. बटणं, लेबलं सोपी आहेत.

मराठी लिहिणार असाल तर देवनागरी फॉंट वेगळा बनवून घ्यावा लागतो, आणि तो बनवला तरी लायब्ररी जोडाक्षरं जुळवत नाही. मी लोकलची स्टेशनं दाखवणारा फलक केला, त्यात ‘दादर’ नीट आलं. ‘दिवा’ची वेलांटी मात्र ‘द’च्या उजवीकडे जाऊन बसली आणि ‘चर्चगेट’चा रफार सुटा पडला. मोडकं मराठी स्क्रीनवर ठेवू नये. असे शब्द कॉम्प्युटरवर नीट टाइप करून त्यांची चित्रं बनवा आणि लेबलाऐवजी चित्रच लावा.