डोळ्यात सोडलेल्या मूलपेशींचा माग कसा ठेवावा

मूलपेशींपासून तयार केलेल्या रंगद्रव्य-पेशी, म्हणजे दृष्टिपटलामागच्या थरातील आरपीई पेशी, प्राण्याच्या दृष्टिपटलाखाली (डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली) सोडल्या की पुढचे सारे आठवडे तीन प्रश्नांत जातात: त्या पेशी तेथे आहेत का, जिवंत आहेत का आणि किती उरल्या आहेत. डोळ्याचा पुढचा भाग पारदर्शक असल्यामुळे प्राण्याला न मारता, त्याच डोळ्यात, पुन्हा पुन्हा डोकावून ही उत्तरे शोधता येतात. मात्र यंत्राच्या पडद्यावर जे चमकते ती पेशी नसून पेशीला लावलेली खूण असते, आणि पेशी मेल्यावरही खूण उरू शकते किंवा शेजारच्या पेशीकडे जाऊ शकते. म्हणून प्रयोगाची आखणी पहिल्या दिवसापासून याच शंकेभोवती करावी.

येथे आरसीएस जातीचा गुलाबी डोळ्यांचा रॅट डोळ्यासमोर ठेवला आहे. एमईआरटीके जनुकातील दोषामुळे या प्राण्याच्या आरपीई पेशींना प्रकाशग्राही पेशींची झडलेली टोके गिळता येत नाहीत. तो कचरा साचतो आणि काही महिन्यांत बहुतेक प्रकाशग्राही पेशी नष्ट होतात. मानवी आरपीई पेशींच्या प्रत्यारोपणाची परीक्षा घेण्यासाठी हा प्राणी बराच वापरला जातो. पेशी माणसाच्या असल्याने सायक्लोस्पोरिनसारखे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध द्यावे लागते. भारतात काम करताना संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची आणि मूलपेशी-संशोधन समितीची संमती आधी घ्यावी; चित्रणासाठी प्राण्याला किती वेळा भूल दिली जाणार, हे अर्जातच स्पष्ट लिहावे.

खूण निवडताना प्रत्येकीची खोड ओळखून असावे. जीएफपी हे हिरवे प्रथिन जनुकाद्वारे पेशीत घातले की पेशीच ते बनवत राहते, त्यामुळे पेशींचे विभाजन झाले तरी खूण पातळ होत नाही. परंतु ते ज्या ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने उजळते त्याच प्रकाशाने दृष्टिपटलातील लिपोफ्युसिन, म्हणजे पेशींत साचणारा टाकाऊ पदार्थ, तोही उजळतो, आणि आजारी पडद्यात हा गोंधळ वाढतो. इंडोसायनिन ग्रीन हा रंग नेत्रतज्ज्ञांच्या रोजच्या वापरातला आहे. तो सुमारे ७९० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाने उत्तेजित होतो, त्या पट्ट्यात पडद्याची स्वतःची चमक कमी असते आणि सुटलेला रंग यकृतावाटे शरीराबाहेर जातो. पक्व आरपीई पेशी सहसा विभागत नसल्याने रंग निम्मा निम्मा होत जाण्याची भीतीही थोडी. काही आठवड्यांच्या अभ्यासासाठी मी हाच रंग सुचवीन. अनेक महिन्यांचा अभ्यास असेल तर जनुकीय खूण लागतेच.

लोहकण घालून एमआरआय करता येतो, पण रॅटच्या जेमतेम सहा मिलिमीटर लांबीच्या डोळ्यात त्याचे चित्र फार ढोबळ येते, शिवाय मेलेल्या पेशींतील लोह भक्षक पेशी गिळून तेथेच बसतात. ल्युसिफेरेज हे प्रकाश निर्माण करणारे प्रथिन असलेल्या पेशी जिवंत असतील तरच प्रकाश देतात, हा मोठा गुण. नेमकी जागा मात्र त्यातून कळत नाही. सोन्याच्या नॅनोकणांचा रंग विटत नाही, आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील गटाने सशांच्या डोळ्यांत ओसीटी (प्रकाशाने थरांचा आडवा छेद दाखवणारे चित्रण) व फोटोअकूस्टिक चित्रणाने (प्रकाश टाकून उमटणारा ध्वनी टिपणारे चित्रण) असे कण भरलेल्या पेशींचा माग घेतला आहे. तशी यंत्रणा हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

पेशी डोळ्यात जाण्यापूर्वी बशीतच चार गोष्टी तपासाव्यात: किती टक्के पेशींना खूण लागली, किती जिवंत आहेत, त्या अजूनही प्रकाशग्राही पेशींची टोके गिळतात का, आणि पेशींची संख्या निम्मी केल्यावर चमकही निम्मी होते का. याच वेळी नियंत्रण-गटांची तयारी करावी. एका गटाला खूण न लावलेल्या पेशी द्याव्यात आणि दुसऱ्याला खूण लावून नंतर गोठवून-वितळवून मारलेल्या पेशी. या दुसऱ्या गटाला खर्चाच्या कारणाने हमखास कात्री लागते, आणि प्रयोगाचे सगळ्यात जास्त नुकसान तेथेच होते. मेलेल्या पेशींची चमक किती दिवस टिकते हे माहीत नसेल, तर चौथ्या आठवड्यातील चमकेचा अर्थ लावायला काहीच आधार राहत नाही.

प्रत्यारोपणापूर्वी प्रत्येक डोळ्याचे ओसीटी आणि स्कॅनिंग लेझर ऑफ्थॅल्मोस्कोपीचे, म्हणजे लेझर फिरवून दृष्टिपटल समोरून टिपण्याचे, मूळ चित्र घ्यावे. इंजेक्शननंतर प्राणी भुलीत असतानाच पुन्हा ओसीटी करावे. पडद्याखाली द्रवाचा फुगवटा आला आहे का आणि पेशी सुईच्या वाटेने उलट व्हिट्रियसमध्ये (डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारख्या द्रव्यात) तर सांडल्या नाहीत ना, हे त्याच क्षणी कळते. सांडलेल्या पेशींचा डोळा नंतर ‘पेशी मेल्या’ या रकान्यात जाऊन बसतो आणि निष्कर्ष बिघडतो. पुढील चित्रणे पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात ठेवता येतात. सुरुवातीची घट वेगाने होते, म्हणून पहिल्या आठवड्यात एखादे जास्तीचे चित्रण असावे.

चित्र बिघडते ते बहुधा यंत्रामुळे नाही, तर डोळा कोरडा पडल्यामुळे. भूल दिलेला प्राणी पापणी मिटत नाही, कॉर्निया काही मिनिटांत धूसर होतो, आणि झायलाझीन असलेल्या भुलीत नेत्रभिंगही तात्पुरते पांढुरके होऊ शकते. म्हणून बाहुली ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिनच्या थेंबांनी आधीच मोठी करावी, प्राणी उबदार गादीवर ठेवावा, कृत्रिम अश्रूंचे थेंब सतत घालावेत आणि सर्वांत महत्त्वाचे चित्र सर्वांत आधी घ्यावे. चित्रात रक्तवाहिन्यांच्या कडा धूसर दिसू लागल्या की चमक मोजणे त्या दिवसापुरते थांबवावे, कारण धूसर भिंगातून आलेली मंद चमक पेशी कमी झाल्यासारखी भासते.

माणसांसाठी बनवलेले यंत्र वापरत असाल तर आणखी दोन सापळे आहेत. असे यंत्र सुमारे चोवीस मिलिमीटर लांबीचा डोळा गृहीत धरून आडवे माप छापते. रॅटच्या डोळ्यासाठी ते माप चुकीचे असते आणि क्षेत्रफळ काढताना ही चूक वर्गाने वाढते. ओसीटीतील खोलीचे माप डोळ्याच्या लांबीवर अवलंबून नसल्याने त्याचा प्रश्न येत नाही. दुसरे म्हणजे, यंत्र चित्र आपोआप उजळवून देखणे करते. ही सोय बंद करावी, लेझरची शक्ती आणि संवेदनशीलता पहिल्या दिवशी ठरवून शेवटपर्यंत बदलू नये, आणि मोजणी नेहमी कच्च्या चित्रावरच करावी.

ओसीटी आणि प्रतिदीप्तीचे (खुणेच्या चमकेचे) चित्र एकमेकांवर ठेवूनच वाचावे. नेहमीच्या ओसीटीत खोलीचे तपशील पाच ते सात मायक्रॉनपर्यंत दिसतात, पण पेशी दात्याची की यजमानाची हे त्यात कळत नाही. प्रतिदीप्तीत खूण कळते, पण ती कोणत्या थरात आहे हे नीट कळत नाही. दृष्टिचेता आणि रक्तवाहिन्यांचे फाटे खुणेचे दगड धरून दोन्ही चित्रे जुळवावीत. चमकणारा ठिपका आरपीईच्या रेषेत पसरट बसला असेल तर आशेला जागा आहे. तो गोलसर असून दर वेळी जागा बदलत असेल, तर पेशींचे अवशेष गिळलेल्या भक्षक पेशीचा संशय घ्यावा.

हा संशय किती महाग पडू शकतो, ते प्रकाशग्राही पेशींच्या प्रत्यारोपणात दिसले. दात्याच्या हिरव्या पेशी यजमान पडद्यात मिसळल्या, असे २००६ पासून दशकभर मानले जात होते. २०१६ मध्ये लंडन आणि ड्रेस्डेन येथील गटांसह अनेकांनी दाखवून दिले की बहुतेक ठिकाणी दात्याचे प्रथिन यजमानाच्या पेशींत गेले होते, धुण्यात एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागावा तसे. पेशी जुन्याच होत्या, रंग तेवढा नवा.

म्हणून अखेरच्या चित्रणानंतर डोळ्याचे काप घेणे टाळता येत नाही. त्यात पेशीद्रवातील खुणेपेक्षा केंद्रकातील मानवी खूण शोधावी, कारण प्रथिने एका पेशीतून दुसरीत जातात, केंद्रके सहसा जात नाहीत. दाता पुरुष आणि यजमान मादी असल्यास वाय गुणसूत्रही तपासता येते. त्याच कापावर भक्षक पेशी ओळखण्यासाठी त्यांच्यातील आयबीए-१ या प्रथिनाचे रंजन करावे. चित्रात चमक असून कापात मानवी केंद्रक सापडले नाही, तर त्या प्राण्याचा सगळा जुना आलेख मेलेल्या पेशींच्या गटाच्या आलेखाशेजारी ठेवून पाहावा. दोन्ही उतार सारखे निघाले, तर त्या डोळ्यात पेशी नेमक्या केव्हा मेल्या हे चित्रांवरून सांगता येत नाही, आणि अहवालात तसेच लिहावे.