जुन्या वायरिंगवर नवा दिवा: या चुका टाळा

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात सिलिंग रोज (छतावरची, दिव्याच्या वायरी जोडायची गोल डबी) उघडला की कधी कधी आत तिन्ही वायरी काळ्याच निघतात. त्यात 2019 च्या महापुरानंतर खालचे बोर्ड घाईत बदललेले, हाताला लागली ती वायर ओढलेली. अशा घरात ‘लाल म्हणजे फेज (करंट आणणारी), काळी म्हणजे न्यूट्रल (परतीची)’ हे विसरा.

मुळात मेन पाडला की काम सुरू, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पडताच तोच दिव्यांना 230 व्होल्ट पुरवू लागतो. तोही बंद करा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करणं तर त्याहून वाईट. जुन्या कामात बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच. बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर आधी ही शंका घ्या. (बटणात इंडिकेटर असला तरी असं होतं.)

टेस्टरवर फार विसंबू नका. शेजारच्या वायरीमुळे तो मोकळ्या वायरीवरही मंद लागतो. मल्टिमीटर बरा, आणि तोसुद्धा आधी चालू सॉकेटवर तपासून घ्या.

आता त्या तीन काळ्या. दोन एकत्र पिळून एकाच स्क्रूखाली असतील तर तो बहुधा न्यूट्रलचा लूप, पुढच्या खोलीला गेलेला. एकटी राहिलेली वायर बटणाकडून आलेली, म्हणजे बहुधा फेज (बटण न्यूट्रलवर असेल तर उलट). रंग एक म्हणून तिन्ही एकत्र पिळल्या की बटण दाबताच शॉर्ट, एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) खाली. लूप सुटला तर शेजारच्या खोलीत अंधार. तिथला बल्ब बदलत बसू नका. म्हणून एकही स्क्रू सैल करण्याआधी फोटो काढा, वायरींना टेपची चिठ्ठी लावा आणि जोड मीटरने तपासा.

छताला अर्थिंग आलेलं नसेल तर धातूचं झुंबर नको, प्लास्टिक बॉडीची एलईडी पट्टी घ्या. अर्थची वायर न्यूट्रलला जोडायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. न्यूट्रल तुटला की अख्ख्या झुंबरात करंट.

वायर वाकवताच वरचं रबर भुगा होऊन गळत असेल तर तिथेच थांबा, परवानाधारक वायरमन बोलवा. आणि जिन्यातल्या दिव्याची वरखालची दोन बटणं उघडूच नका, फक्त होल्डर बदला.