सराउंड स्पीकर घेण्याआधी खुर्चीच्या मागे बघा

कॉम्प्युटरसाठी सराउंड स्पीकर घ्यायचे ठरले की ओळखीतले लोक मला विचारतात, "किती वॅटचे घेऊ?" मी उलट विचारतो, "तुझ्या खुर्चीच्या मागे काय आहे?"

५.१ संचात पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा (बासचा) स्पीकर असतो. मधला स्पीकर मॉनिटरखाली, पुढचे दोन डावी-उजवीकडे, नाकासमोरच्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. खुर्ची भिंतीला टेकलेली असेल किंवा मागे दार असेल, तर हे मागचे दोघे शेवटी मॉनिटरशेजारीच येऊन बसतात. मग सराउंडचा हट्ट सोडा आणि त्याच पैशात दोन बरे स्पीकर किंवा २.१ संच (दोन स्पीकर आणि सबवूफर) घ्या. तुटपुंजं बजेट सहा खोक्यांत वाटलं की कुणाचंच पोट भरत नाही. शिवाय बहुतेक गाणी स्टिरिओतच, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन चॅनेलांतच असतात. सराउंडची खरी मजा गेम आणि सिनेमात.

जागा आहे? मग स्पीकरकडे नंतर बघा, आधी कॉम्प्युटरची मागची बाजू बघा. स्वस्त ५.१ संचाला सहसा ३.५ मिमीच्या तीन पिना लागतात: हिरवी पुढच्या स्पीकरांना, काळी मागच्यांना, नारिंगी मधल्याला आणि सबवूफरला. मदरबोर्डवर तीनच सॉकेट असले तरी अनेकदा ऑडिओ सॉफ्टवेअरमधून निळ्या-गुलाबी सॉकेटला ही कामं देता येतात. लॅपटॉपला मात्र ५.१ आउटपुटचं यूएसबी साउंड कार्ड लागेल. तो खर्च आधीच धरा.

संचाच्या मागचं चित्रही नीट बघा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५.१ आणि आत येणारी वायर एकच, असे संच भरपूर मिळतात. ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, एफएम, रिमोट, सगळं असतं. पण कॉम्प्युटरचा दोन चॅनेलचा आवाजच पाच ठिकाणी वाटला जातो. मी त्याला सराउंड म्हणत नाही. ब्लूटूथवरून तर नेहमीच्या जोडणीत दोनच चॅनेल येतात. ऑप्टिकल वायरचा भरवसा धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: तिच्यातून ५.१ येतं ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतींनी दाबूनच, त्यामुळे संचात ते उलगडणारा डीकोडर हवा.

वॅटचं म्हणाल, तर पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा, फुगवलेला) आकडा वाचूच नका, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) बघा. हातभर अंतरावरच्या कानांना एकूण ५०-७५ वॅट आरएमएस पुरून उरतात.

मागच्या स्पीकरांची वायर मोजायला विसरू नका. अ‍ॅम्प्लिफायर बहुधा सबवूफरमध्येच असतो, म्हणून टेप तिथून धरा आणि भिंतीच्या कडेकडेने न्या, खोलीतून तिरपी नको. वायर स्पीकरलाच कायमची जोडलेली नसेल तर उत्तम. पुढेमागे लांब वायर लावता येते.

सबवूफर जमिनीवर ठेवा, पण कोपऱ्यात कोंबू नका, बास घुमतो.

जोडून झाल्यावर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन ५.१ निवडा, पुष्कळदा तिथे स्टिरिओच राहिलेलं असतं आणि लोक दुकानदाराशी भांडतात. तिथलीच चाचणी लावून एकेक स्पीकर ऐका. मागचा आवाज पुढून आला, तर हिरवी आणि काळी पिन अदलाबदल झाली आहे.