गमावलेल्या प्रेमाच्या ध्यासावर पटकथा कशी लिहावी : वऱ्हाडातील एका गावाच्या आधाराने

गमावलेल्या प्रेमाच्या ध्यासावर चित्रपट लिहायला घेणारा लेखक बहुधा पहिला मसुदा आठवणींनी भरून टाकतो. त्यात नदीकाठ असतो, जत्रा असते, शाळेची वाट आणि पावसातले एक गाणे असते. असा मसुदा वाचताना गोड लागतो आणि पडद्यावर दहाव्या मिनिटाला ठप्प होतो, कारण आठवण काढणे ही दिसणारी कृती नव्हे. ध्यास लागलेला माणूस सकाळी उठून काय करतो, पैसा कशावर लावतो, कोणते काम टाळतो आणि कोणते गरजेपेक्षा जास्त करत राहतो, हे निश्चित झाल्याशिवाय पटकथेचे पान लिहू नये. येथे अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात घडणारी एक कल्पित कथा समोर ठेवून ही पद्धत मांडली आहे. कापसाच्या किंवा धानाच्या मुलखात तपशील वेगळे असतील, पण क्रम हाच ठेवता येईल.

सर्वप्रथम ती व्यक्ती कशी गमावली, याचा निर्णय करावा. या बाबतीत विदर्भातील लेखकाला परंपरा हाताशी आहे. ज्या रामगिरीला अनेक अभ्यासक आजचे रामटेक मानतात, तेथेच ‘मेघदूता’तील यक्ष पत्नीपासून दूर दिवस काढतो, परंतु त्याचा शाप एका वर्षाचा आहे आणि पलीकडे वाट पाहणारे कोणी आहे, म्हणून तो विरह आहे, ध्यास नाही. ‘रघुवंशा’तील इंदुमती ही विदर्भाची राजकन्या, तिच्या आकस्मिक मृत्यूनंतर अज राजाने केलेला विलाप आठव्या सर्गात येतो, आणि त्यानंतरची आठ वर्षे तो केवळ मुलगा लहान आहे म्हणून जगतो. तिसरी दमयंती, तीही विदर्भाचीच. ती विलाप करत बसत नाही, तर नळाला शोधण्यासाठी माणसे पाठवते, दुसऱ्या स्वयंवराची बातमी मुद्दाम पसरवते आणि बाहुक या नावाने वेषांतर करून राहणाऱ्या नळाची ओळख त्याच्या हातच्या स्वयंपाकावरून पटवते. पटकथेच्या दृष्टीने या तिघांत दमयंती सर्वाधिक उपयोगी आहे, कारण तिचे दुःख प्रत्येक वेळी एखादी युक्ती बनून समोर येते.

गावाच्या कथेसाठी मात्र मृत्यू आणि शाप या दोहोंपेक्षा चौथा पर्याय अधिक फलदायी ठरतो. ती जिवंत आहे, तिचे लग्न झाले आहे आणि ती तीस-चाळीस किलोमीटरवर नांदते आहे. शहरात हरवलेले माणूस खरोखर हरवते. गावात त्याची बातमी न विचारता येत राहते. तिला मुलगा झाल्याचे किराणा दुकानात कळते, तिचा नवरा बदलीवर गेल्याचे एसटीच्या थांब्यावर कळते आणि भाऊबीजेला ती माहेरी आल्याचे तर अख्ख्या गल्लीला दिसते. या बातम्या पटकथेत कोणाच्या तोंडून आणि कोणत्या कामाच्या ओघात येतात, याची वेगळी यादी करावी. नायकाने तिच्याबद्दल स्वतःहून एकदाही विचारू नये.

तिला गमावण्याचे कारण शोधताना मिशा पिळणारा बाप आणू नये. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे विदर्भातल्या कोणत्याही गावात उघड बोलले जाणारे वास्तव आहे आणि त्यात कोणी एक खलनायक नसतो. आपल्या कथेतील नायकाकडे पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. मुलीच्या वडिलांनी बैठकीत शांतपणे इतकेच विचारले की शेतात पाणी आहे काय, आणि पुढे तिचे लग्न पगारी नोकरदाराशी झाले. नायकाने या प्रसंगाचा अर्थ असा लावला की पाण्यावाचून ती गेली. तो अर्थ खरा आहे की नाही, हे त्याने कधी तपासलेच नाही. संपूर्ण चित्रपट या न तपासलेल्या समजुतीवर उभा करावा, कारण ध्यासाचे मूळ प्रेमाच्या तीव्रतेपेक्षा अशा एखाद्या पक्क्या करून टाकलेल्या समजुतीत अधिक असते.

समजूत सापडली की कृती आपोआप सापडते. नायक पाणी आणणार आणि कोरडवाहू रानात संत्र्याची बाग उभी करणार. येथे लेखकाने आठवडाभर तरी एखाद्या बागवानाच्या मागे फिरावे, कारण बागेचे गणित हेच कथेचे वेळापत्रक होते. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरलेली कलमे पावसाळ्यात लावतात. सहा बाय सहा मीटर अंतर धरले तर एकरी सुमारे ११० झाडे बसतात. आणि पहिले धरण्याजोगे फळ पाचव्या-सहाव्या वर्षी येते. तोवर कपाशी किंवा सोयाबीन आंतरपीक घेऊन घर चालवावे लागते. पाच-सहा वर्षांचा हा काळ दाखवण्यासाठी पाटी लावण्याची गरज नाही, झाडाची उंची पुरेशी आहे. बागेचे शत्रूही खरे घ्यावेत. खोडातून डिंक गळू लागणे आणि पानांवर कोळशी ही काळी बुरशी चढणे या दोन गोष्टी त्या भागातील प्रेक्षक पाहताक्षणी ओळखतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो. त्यासाठी संवाद लागत नाही.

पाण्याचे प्रकरण मात्र सविस्तर लिहावे, कारण या कथेचा कणा तेथे आहे. वरूड-मोर्शी भागात अतिउपशामुळे भूजल फार खोल गेले आहे. बोअरचे यंत्र फुटाप्रमाणे पैसे घेते आणि खोली वाढते तसा फुटाचा दरही वाढतो. यंत्र चालू असताना शेतमालकाला दर थोड्या वेळाने एकच निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, तो म्हणजे थांबायचे की आणखी खाली जायचे. जुगार, कर्ज आणि आशा यांचा इतका नेमका प्रसंग लेखकाला शोधून सापडणार नाही. यंत्राच्या आवाजात माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून हा प्रसंग संवादाशिवायच लिहावा. चालक बोटांनी आकडा दाखवतो, नायक मान हलवतो, आणखी एक नळी जोडली जाते, उडणाऱ्या धुळीचा रंग बदलतो, बांधावर उभी असलेली आई पाठ फिरवून घराकडे चालू लागते. पटकथेत असे तीन प्रसंग असावेत, पहिला फसलेला, दुसरा थोडे पाणी लागलेला आणि तिसरा पाण्याची खरी गरज उरलेली नसताना केलेला. तिसऱ्या वेळी प्रेक्षकाला ध्यास म्हणजे काय ते दिसते.

पाणी लागल्यानंतर येणारा, झाडांना पाण्याचा ताण देण्याचा प्रसंगही हातचा सोडू नये. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, धरायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत झाडांचे पाणी तोडतात, पाने मलूल होऊ देतात आणि मग पाणी सोडतात, त्यावर फुले येतात. ज्याने पाण्यासाठी घर गहाण टाकले त्यालाच आता पाणी असून झाडाला तहानलेले ठेवायचे आहे. या प्रसंगातील साम्य कोणत्याही पात्राने बोलून दाखवू नये. शहाणे म्हातारे पात्र घालून त्याच्या तोंडी तत्त्वज्ञान देण्याचा मोह अशा ठिकाणी हटकून होतो, आणि तो आवरला नाही तर प्रसंग वाया जातो.

आता नायकाची पत्नी. अशा चित्रपटांत ती बहुधा कोपऱ्यात ताट वाढते, वास्तविक ध्यासाची किंमत सर्वात जास्त तीच मोजत असते. आपल्या कथेत ती दुसऱ्या तालुक्यातून आली आहे, म्हणून तिला मागचे काही ठाऊक नाही. मुलगी झाल्यावर नायक तिचे नाव ठेवतो, आणि ते नाव त्या गमावलेल्या मुलीचे असते. बारशाला जमलेल्या बायका क्षणभर एकमेकींकडे पाहतात आणि पुन्हा पाळणा म्हणू लागतात. प्रश्न असा की प्रेक्षकाला हे आधी सांगावे की पत्नीबरोबरच कळू द्यावे. या बाबतीत १९५८ च्या ‘व्हर्टिगो’चे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. हरवलेल्या स्त्रीसारखी दुसरी स्त्री घडवू पाहणाऱ्या माणसाची ती गोष्ट. आल्फ्रेड हिचकॉकने तिच्यातले रहस्य शेवटापर्यंत न राखता नायकाला कळण्याच्या पुष्कळ आधी प्रेक्षकाला सांगून टाकले. त्यामुळे ‘काय झाले’ हा प्रश्न मिटतो आणि ‘त्याला कळेल तेव्हा काय होईल’ ही धास्ती उरते. गावाच्या कथेत तर हा मार्ग अधिकच स्वाभाविक आहे, कारण गावाला सगळे आधीच माहीत असते. प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात गावाच्या बाजूला बसवावे आणि मग नळावर पत्नी आली की बायकांचे बोलणे कसे तुटते, ते त्याला पाहू द्यावे.

गमावलेल्या मुलीलाही तिचे आयुष्य द्यावे. ‘देवदास’ ही कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चित्रपट निघाले. बिमल रॉय यांनी तर प्रमथेश बरुआंच्या हिंदी चित्रपटाचे छायाचित्रण केले आणि पुढे १९५५ मध्ये तोच विषय स्वतः दिग्दर्शित केला. इतके होऊनही सामान्य प्रेक्षकाला देवदासची बाटली आठवते, पण पार्वती सावत्र मुलांचे मोठे घर कसे सांभाळते ते आठवत नाही. म्हणून दोन पथ्ये पाळावीत. नायकाच्या हातात बाटली देऊ नये, ते चित्र आता इतके वापरले गेले आहे की त्याने काहीच दिसत नाही. आणि त्या मुलीच्या बाजूने आठ-दहा प्रसंग लिहून काढावेत, मग ते चित्रपटात येवोत अगर न येवोत. तिच्या घरात पाण्याची बारी केव्हा असते, नवऱ्याशी तिचे भांडण कशावरून होते, माहेरी जाताना ती कोणती पिशवी उचलते, हे लेखकाला ठाऊक असले तर तिची एकच भेट पुरते.

ती भेट चित्रपटात एकदाच यावी आणि दोन पानांपेक्षा मोठी नसावी. नायक बाग दाखवतो, बोअरची खोली सांगतो, झाडांची संख्या सांगतो. ती ऐकून घेते आणि म्हणते, “म्या तुले पानी मांगतलं होतं काय?” यापुढे तिला काहीही बोलायला लावू नये.

या टप्प्यावर एक गोष्ट स्पष्टपणे ठरवावी लागते. स्त्री नको म्हणत असताना तिच्या मागे जाणे, पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा तिच्या मोबाइल-इंटरनेटच्या वापरावर नजर ठेवणे हा गुन्हा आहे. २०१३ पासून तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत आणि पुढच्या वेळी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आपल्या सिनेमाने हेच वर्तन वर्षानुवर्षे गाण्याच्या चालीवर विकले. नायक ही रेषा ओलांडतो की नाही, हे लेखकाने ठरवावे. ओलांडत असेल तर त्या दृश्याखाली हळवे संगीत लिहू नये आणि तिची भीती तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसू द्यावी.

भाषेच्या बाबतीत अर्धवट काम सर्वात लवकर उघडे पडते. प्रत्येक वाक्यात ‘बे’ घातल्याने वऱ्हाडी होत नाही. बरोबरीचे मित्र “काय करून रायला बे?” म्हणतील, पण काकाजी किंवा मामाजींशी बोलताना तोच मुलगा ‘जी’ लावेल, आणि सासरच्या माणसांसमोर त्याचे अर्धे शब्द गिळले जातील. वरूडची बोली आणि गडचिरोली-भंडाऱ्याकडची झाडी बोली एक नव्हेत. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांतील नट कामाला उत्तम असतात, रात्रभर हजारोंसमोर उभे राहण्याची त्यांना सवय असते. पण त्यांना घेतल्यास बोलीची तालीम वेगळी करावी आणि कॅमेऱ्यासाठी आवाज खाली आणायला पुरेसा वेळ द्यावा. संवादांचा कच्चा मसुदा गावातील एखाद्या वयस्क बाईला वाचून दाखवावा. ती जेथे हसेल तेथे बहुधा पुस्तकी वाक्य असते.

शेवट लिहिताना दोन टोके टाळावीत. बोअर आटून नायकाला शिक्षा मिळू नये आणि ती परतही येऊ नये. आपल्या कथेत बाग फळते. व्यापारी येतो, झाडाखाली फिरतो, फळाचा आकार पाहून भाव पाडतो आणि उभ्या बागेचा सौदा करतो. ज्या झाडांवर नायकाने सहा वर्षे एकाच व्यक्तीचे नाव मनात लिहिले, त्यांची किंमत आता कर्जाच्या हप्त्याशी ताडून पाहिली जाते, आणि त्या हिशेबाला प्रथमच त्याची पत्नी बसते. सौदा कोण पक्का करतो, हे लेखकाने ठरवावे; माझ्या मते तो पत्नीने करावा.

चित्रीकरणाचा विचार लिहितानाच व्हायला हवा. आंबियाची फुले साधारण फेब्रुवारीत आणि फळे नोव्हेंबरच्या आसपास मिळतात, तेव्हा लहान निर्मितीला किमान दोन सत्रे धरावी लागतील. रोपे, मधली झाडे आणि फळती बाग यांसाठी वेगवेगळ्या वयाच्या तीन बागा जवळपास शोधल्या तर सहा वर्षे एका हंगामात दाखवता येतात. बोअर बहुधा उन्हाळ्यात खोदले जातात आणि मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून ते प्रसंग पहाटेचे किंवा रात्रीचे लिहावेत. खोदाईचे यंत्र केवळ चित्रीकरणासाठी भाड्याने आणणे परवडत नाही. त्याच हंगामात जो शेतकरी खरोखर बोअर घेणार आहे त्याच्याशी आधी बोलून ठेवावे, त्याची लेखी परवानगी घ्यावी, आणि त्याच्या शेतात पाणी लागले नाही तर कॅमेरा ताबडतोब बंद करावा.