एका संध्याकाळी दोघांनी मिळून: मऊ खिचडी, कढी आणि रवा केक

नवराबायको दोघंही नोकरी करत असाल तर आठवड्यातली एक संध्याकाळ अशी ठेवाच, साधं गरम जेवण आणि त्याच्यामागोमाग घरीच बेक केलेलं काहीतरी गोड. आमच्याकडे हे बहुतेक शुक्रवारी असतं. बायको ऐरोलीहून ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला येते, कधी मी आधी पोचतो कधी ती, कधी गाडीच लेट, म्हणून मुद्दाम असे तीन पदार्थ एकत्र बसवलेत की वाट बघण्यात काही बिघडत नाही. रवा भिजत पडला तर उलट चांगलाच फुगतो, डाळतांदूळही भिजलेले बरे, आणि कढीला पंधरा मिनिटं पुरतात. जो आधी येईल त्याने भिजवायचं आणि दुसरा आल्यावरच गॅस पेटवायचा, एवढा एकच नियम.

सामान सगळं कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं. शनिवारी ठाण्यातल्या जांभळी नाक्याला भाजीला गेलात तर रवा, डाळ, तांदूळ तिथूनच उचला, ताजं आणि सुटं मिळतं, हवं तेवढंच घेता येतं. तांदूळ कोलमच घ्या, मऊ भातासाठी बासमती नको, तो सुटासुटा राहतो. वाडा कोलम परवडत असेल तर फारच छान, 2021 मध्ये त्याला जीआय टॅग (म्हणजे त्या भागाचा खास माल अशी सरकारी ओळख) मिळालाय आणि वाडा तालुका 2014 ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, म्हणजे घरचाच तांदूळ. पण त्या नावाखाली बरंच काय काय विकलं जातं, त्यामुळे ओळखीच्या दुकानातूनच घ्या नाहीतर साधा सुरती कोलम आणा, खिचडीला तोही मस्त. दही 400 ग्रॅमचा डबा आणा, अर्धा कप केकला आणि उरलेलं सगळं कढीला, डबा संपतो.

आता पहिलं काम, रवा. 240 मिलीचा मापाचा कप घ्या, नसेल तर कुठलीही एकच वाटी धरा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. एक कप बारीक रवा (जाड असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या), अर्धा कप दही, पाऊण कप पिठीसाखर, पाव कप पातळ केलेलं तूप, अर्धा कप दूध, चिमूटभर मीठ, वेलची पूड. सगळं एका भांड्यात ढवळून झाकून ठेवा, कमीत कमी अर्धा तास. या अर्ध्या तासाला शॉर्टकट नाही. रव्याचा कण कोरडाच राहिला तर केक खाताना दाताखाली कचकच लागते, दह्यादुधात फुगला की तोच कण मऊसूत होतो. तासभर राहिला तरी चालतं, मिश्रण घट्ट होईल तेवढंच, मग थोडं दूध घालून सैल करायचं. सोडा किंवा बेकिंग पावडर मात्र आत्ता अजिबात नाही, ती सगळ्यात शेवटी.

त्याच वेळी अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ एकत्र धुऊन भिजत घाला. दोघांना पोटभर होते आणि सकाळसाठी थोडी उरते.

आमचा ओटा लहान आहे, ठाण्यातल्या वन बीएचकेत असतो तेवढाच, त्यामुळे दोघं शेजारी उभे राहिले की एकमेकांना कोपरं लागतात. म्हणून केकचं सगळं काम डायनिंग टेबलवर आणि गॅससमोर एकच माणूस. आमच्याकडे टेबल माझं, फोडणी तिची, कारण तिचा हिंगाचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का आहे. तुम्ही तुमचं ठरवा, पण ठरवा नक्की, नाहीतर दोघं कढीपत्ता निवडत बसतात आणि ओव्हन कोणी लावतच नाही.

दुसरा घरी आला, हातपाय धुऊन झाले, की खिचडी कुकरला लावायची. भिजवलेले डाळतांदूळ, त्याच वाटीने पाच वाट्या पाणी, हळद, मीठ, हिंग आणि चमचाभर तूप. तुपाने डाळीचा फेस कमी वर येतो आणि शिट्टीतून पाणी उडत नाही. मध्यम गॅसवर चार-पाच शिट्ट्या आणि मग वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलून वाफ काढू नका, शेवटचा मऊपणा त्या दहा मिनिटांत येतो. झाकण उघडल्यावर पळीने घोटा आणि घट्ट वाटली तर उकळतं पाणी घाला, गार पाणी घातलं तर शितं आणि पाणी वेगवेगळं दिसतं.

कुकर गॅसवर चढला की टेबलवाल्याने ओव्हन 180 डिग्रीला लावायचा, खालचा वरचा दोन्ही रॉड, दहा मिनिटं प्रीहीट. ओटीजी (हा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) नवीन असेल तर आधी मागचे वॅट बघा. घरातलं छोटं सॉकेट 6 अँपिअरचं असतं म्हणजे साधारण 1380 वॅटपर्यंत, त्याच्यावरचा ओटीजी 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायचा, मल्टिप्लगला तर कुठलाच नको. जुन्या बिल्डिंगमध्ये गीझर आणि ओव्हन एकाच वेळी चालू ठेवू नका.

सहा इंची टिनला तूप लावून तळाशी बटर पेपर टाका. आता रव्याचं मिश्रण बघा, इडलीच्या पिठासारखं जाडसर पण पळीतून पडणारं हवं. घट्ट असेल तर दोन-चार चमचे दूध. मग अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा, भराभर ढवळलं की मिश्रण हलकं होताना डोळ्यांना दिसतं, वर बारीक बुडबुडे येतात. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की लगेच गॅस तयार व्हायला लागतो, म्हणून यानंतर टाइमपास नाही, सरळ टिनमध्ये आणि टिन ओव्हनमध्ये. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत उघडी बेकिंग पावडर लवकर मरते. गरम पाण्यात चिमूटभर टाकून बघा, फसफसली तर जिवंत आहे, नाहीतर सरळ नवीन डबी आणा.

मधल्या रॅकवर 30 ते 35 मिनिटं. पहिली वीस मिनिटं दार उघडू नका, फुगत आलेला केक मधे बसतो. वरून लवकर लाल झाला तर पंचविसाव्या मिनिटाला फॉइल झाका. मधोमध टूथपिक घालून बघायची, कोरडी निघाली की झालं. ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी कढई घ्या, आत स्टँड ठेवून झाकण लावून मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापवा, मग टिन ठेवून मंद गॅसवर साधारण 45 मिनिटं. आत पाणी घालायचं नाही. रंग ओव्हनएवढा येत नाही पण चव तीच. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हा केक करू नका, कन्व्हेक्शन मोड असेल तरच.

केक आत गेला की कढी. उरलेल्या दह्यात दीड चमचा बेसन आणि दोन वाट्या पाणी घालून रवीने घुसळा, गुठळी राहायला नको. ठेचलेलं आलं, हिरवी मिरची, थोडी साखर, आणि मंद गॅसवर सतत ढवळत बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत ठेवा. मोठ्या गॅसवर उकळली की फुटते. मीठ शेवटी.

आता खिचडीवरची फोडणी, आणि इथे हात आखडू नका. दोन मोठे चमचे तूप, जिरं, ते तडतडलं की सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, सालासकट ठेचल्या तरी चालेल, लसूण कडेने बदामी झाली की सुकी मिरची, कढीपत्ता, हिंग, गॅस बंद. लसूण पूर्ण लाल व्हायची वाट बघू नका, गरम तुपात ती गॅस बंद झाल्यावरही होत राहते. यातली थोडी कढीवर घाला, बाकीची मात्र कुकरमध्ये अजिबात ओतू नका, ताटात खिचडी वाढली की प्रत्येकाच्या ताटावर गरम गरम घाला. कुकरमध्ये घातली की लसणाचा कुरकुरीतपणा पाच मिनिटांत जातो. जोडीला पोह्याचा पापड, लिंबाचं लोणचं, बस.

तुम्ही जेवायला बसाल तेव्हा केक अर्धा झालेला असतो आणि घरभर वेलची आणि तुपाचा वास सुटलेला असतो. जेवण उरकेपर्यंत टायमर वाजतो. टिन बाहेर काढून दहा मिनिटं तसाच राहू दे, मग कडेने सुरी फिरवून उलटा करा. गरम असताना कापू नका, रव्याचा केक निवल्यावरच धरतो, आधी कापला तर भुगा. एकाने भांडी घासली आणि दुसऱ्याने ओटा पुसला की केक कापायच्या लायकीचा झालेला असतो. क्रीम, आयसिंग काही लागत नाही, आवडत असेल तर बेक करायच्या आधी वरून टुटीफ्रुटी किंवा बदामाचे काप टाका.

उरलेला केक पावसाळ्यात एक दिवसाच्या वर बाहेर ठेवू नका, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो. फ्रीजमध्ये तूप घट्ट होऊन तो कडक लागतो, खायच्या आधी मायक्रोवेव्हमध्ये पंधरा सेकंद फिरवला की परत मऊ. उरलेली खिचडी मात्र रात्री ओट्यावर ठेवू नका, निवली की लगेच फ्रीजमध्ये. सकाळी त्यात मावेल तेवढं ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, बारीक कांदा, कोथिंबीर, तीळ, तिखट घालून मळा, थालीपीठं थापा, मधे भोक पाडून कडेने तेल सोडा आणि झाकण ठेवून खरपूस होऊ द्या. लोणी असेल तर लोणी, नाहीतर दही.