ड्राफ्टवर भांडायचंय? आधी जन्मतारीख बघा

जूनमध्ये एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मोठी लीग) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडायचा दिवस, जवळ आला की आमच्या मिसिसागाच्या घरी मेव्हणा आणि मी चहा गार होईपर्यंत भांडतो. त्याचं पालुपद ठरलेलं: "आपल्याकडे डिफेन्समन नाही, डिफेन्समनच उचला." अहो, अठराचं पोरगं मुख्य संघात यायला बहुतेकदा तीन-चार वर्षं जातात. आजचं भोक तोवर कोण ठेवतंय? जो सगळ्यात चांगला उरलाय, तोच घ्यावा.

पण चांगला ओळखायचा कसा? आधी जन्मतारीख. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण झाली, तरच त्या वर्षी नंबर लागतो. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी २०१५चा ड्राफ्ट हुकला. मधला हंगाम तो झुरिकला मोठ्या माणसांत खेळला आणि २०१६ला आपल्या लीफ्सनी (टोरांटोचा संघ) त्याला पहिला उचलला. म्हणजे एकाच यादीत जवळजवळ वर्षाचं अंतर असलेली पोरं असतात. ऑगस्टमध्ये जन्मलेल्याचे, म्हणजे यादीतल्या लहानांपैकी एकाचे, पॉइंट (गोल आणि गोलला केलेली मदत) थोडे कमी दिसले, तर लगेच नाक मुरडू नका.

मग लीग बघा. स्वीडनमध्ये मोठ्यांच्या संघात पोराला बर्फावर मिनिटंच मोजकी मिळतात. ते आकडे ज्युनियर लीगशेजारी ठेवू नयेत.

गोलकीपरसाठी पहिली फेरी? मी तरी नाही. पुढे मोठा गोलकीपर ठरलेला हेन्रिक लुंडक्विस्ट २००० सालच्या ड्राफ्टमध्ये थेट २०५वा निवडला गेला होता. मेव्हण्याला हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.